गेऑर्ग फ्रिड्रिख हास यांचे ‘इन व्हेन’ : उपस्वरांचे आश्वासन

स्पेक्ट्रल संगीताचा विचार बहुधा ध्वनिशास्त्राच्या अंगाने केला जातो. जेरार ग्रीझे (१९४६-१९९८) यांनी ‘पार्सिएल’ (१९७५) मध्ये ट्रॉम्बोनच्या खर्जातील एका स्वराचे पृथक्करण करून त्याचे उपस्वर १८ वादकांमध्ये वाटून दिले. स्वराचे अंतरंग हीच तेथे रचनेची सामग्री ठरली. अशा पद्धतीला इतिहासाचा भार पेलवेल काय, ही शंका मात्र रास्त होती. ग्रात्स येथे १९५३ मध्ये जन्मलेले ऑस्ट्रियन संगीतकार गेऑर्ग फ्रिड्रिख हास यांची ‘इन व्हेन’ (२०००) ही २४ वाद्यांसाठीची, सुमारे ७० मिनिटांची रचना या शंकेला थेट भिडते.

रचनेत दोन स्वरव्यवस्था समोरासमोर येतात. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार, म्हणजे पाचवा उपस्वर, पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. सातव्या उपस्वराच्या बाबतीत ही तफावत ३१, तर अकराव्याच्या बाबतीत ४९ सेंट होते. हास ही दरी बुजवीत नाहीत. समविभाजित स्वरांच्या अखंड खाली घसरणाऱ्या आवर्तनांपुढे ते शुद्ध उपस्वरांचे विस्तीर्ण संघात उभे करतात. येथे श्रुतिविचार आठवणे स्वाभाविक असले, तरी साम्य नादाच्या निसर्गापुरतेच आहे. तंबोरा गायकाला अखेरपर्यंत आधार देतो. हास यांचा उपस्वरसंघात उजळतो आणि विरून जातो.

रचनेचा काही भाग संपूर्ण अंधारात वाजतो. हा निव्वळ नाट्यमय चमत्कार आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो टिकत नाही. स्वरलिपी आणि संचालक दोन्ही दिसेनासे झाल्यावर वादकांना स्मरणावर व परस्परांच्या कानावर विसंबावे लागते, आणि उपस्वर जुळतो तो कानानेच.

फेब्रुवारी २००० मध्ये अतिउजव्या ‘फ्रीडम पार्टी’ने ऑस्ट्रियाच्या सत्तेत सहभाग मिळवला. या घटनेची प्रतिक्रिया म्हणून ही रचना झाली. शीर्षकाचा अर्थ ‘व्यर्थ’. तरीही तिच्यात घोषणा नाही, शब्दही नाही. राजकीय आशय आहे तो रचनेच्या घडणीत : मागे पडली असे वाटलेली आरंभीची घसरण शेवटी पुन्हा अवतरते, वेग घेते, आणि कोणत्याही स्वरावर न विसावता मध्येच तोडली जाते.