आश्रयदाता आणि शब्द

'प्लेहाउस ९०' (१९५६–६०) ही दर भागास नवे नाटक सादर करणारी नाट्यमाला अमेरिकन दूरचित्रवाणीचे भूषण होती. जाहिरातदारांच्या द्रव्यावाचून ती उभी राहिली नसती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु १६ एप्रिल १९५९ रोजी अ‍ॅबी मान यांचे 'जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग' हे नाझी न्यायाधीशांवरील खटल्याचे नाटक प्रक्षेपित होत असता, प्रायोजक असलेल्या गॅस-व्यावसायिकांच्या संघाच्या आग्रहास्तव संवादांतील 'गॅस' हा शब्द ध्वनी बंद करून गाळण्यात आला. छळछावण्यांतील हत्येचे साधनच अशा रीतीने निनावी झाले. न्यायासनापुढील सत्य हाच ज्या कृतीचा विषय, तिच्यातील साक्षच यामुळे अपुरी राहिली. कलावंताने आश्रय अवश्य घ्यावा. शब्द मात्र गहाण टाकू नये, असे आम्हांस वाटते.