सुताराची हत्यारं : ‘गीतारहस्या’तलं आत्मस्वातंत्र्य

‘मनात आणलं की सगळं होतं’ हे आजकाल कुठेही ऐकायला मिळतं. त्याच्या उलट आपलं जुनं वाक्य, ‘नशिबात असेल तसं’. १८५६ साली आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना ही दोन्ही टोकं मान्य नव्हती. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते १९१५ साली प्रसिद्ध झालं. त्यातलं दहावं प्रकरण, ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’, आज तपासून पाहू.

प्रश्न सरळ आहे. आजचं जगणं जर मागच्या कर्माचं फळ, तर माणसाच्या हातात उरतं काय? टिळक कर्माचा नियम नाकारत नाहीत. ज्याचं फळ सुरू झालं ते भोगूनच संपवायचं. पण आत्मा मुळात स्वतंत्र, म्हणून बुद्धीला चांगल्या दिशेने प्रेरणा देणं त्याच्या हातात आहे. हे एका दिवसात साधत नाही. अभ्यास लागतो, पण केलेला थोडा अभ्यासही वाया जात नाही. म्हणजे यशाची हमी नाही, सुरुवात करण्याचा हक्क आहे. या प्रकरणाचं खरं बळ मला इथे दिसतं.

आता त्यांचा सुताराचा दाखला बघा. सुतार कितीही कुशल असो, हत्यारांशिवाय त्याचं अडतं. ती खराब असतील तर दुरुस्तीत वेळ जातो. टिळकांच्या लेखी ही हत्यारं म्हणजे देह आणि इंद्रियं. दाखला उत्तम, पण तो तिथेच थांबतो. हत्यारं दुसऱ्याच्या कुलपात असतील तर?

आपल्या जिल्ह्यात खोताच्या कुळांची हीच गत होती. हात-पाय धड, कष्टाची तयारी, पण कसलेल्या जमिनीवर हक्क नाही. टिळकांना हे ठाऊक नसेल असं नाही. त्यांच्या घराण्याकडेच चिखलगावची खोती होती. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला.

या मोर्चाने टिळकांना खोटं ठरवलं का? मला तसं वाटत नाही. नशीब म्हणून ती माणसं गप्प बसली असती तर घरातून निघालीच नसती. पण एकेकट्याच्या मनोबलाने ते कुलूप निघणारं नव्हतं. त्याला संघटना लागली, कायदा लागला. तेव्हा दहावं प्रकरण जरूर वाचा. फक्त वाचताना एक विचारा : हत्यारं आहेत कोणाच्या ताब्यात?