लिपी एक, वळणे दोन : देवनागरी मुद्राक्षरे आणि भाषांचा शेजार

तौलनिक साहित्याभ्यासात दोन भाषांच्या संपर्काचा विचार बहुधा भाषांतर, प्रभाव किंवा वाङ्मयप्रकार यांच्या आधारे केला जातो. मजकूर ज्या आकारातून वाचकापुढे येतो तो अक्षराकार मात्र मुद्रकाची बाब म्हणून बाजूला पडतो. वास्तविक देवनागरी मुद्राक्षरांचा इतिहास हा भाषाभाषांतील देवघेवीचाच इतिहास आहे, आणि त्या देवघेवीत कोणी काय सोडून दिले याची नोंदही त्यात सापडते.

विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले ते बंगालमधील श्रीरामपूर येथे. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, छापखाना इंग्रज बाप्टिस्ट मिशनऱ्यांचा होता, तर तेथील देवनागरी खिळे घडवण्याचे काम पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या बंगाली कारागिरांनी केले. चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली बंगाली मुद्राक्षरांवर काम केलेल्या पंचाननांनी पुढे देवनागरीचे पोलादी ठसे कोरले. या प्रसंगाला संस्कृतिसंगम म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. या खटाटोपामागे धर्मप्रसाराची आणि राज्यकारभाराची निकड होती, आणि मराठी वाचकाला त्यात फारसा शब्द नव्हता. १८१० च्या मराठी कोशासाठी केरी यांनी मोडी खिळे वापरले, कारण मराठी माणसाच्या रोजच्या लिहिण्याची लिपी मोडी होती. ती वाट पुढे बंद झाली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने आणि नंतर देशी मुद्रकांनी बाळबोध स्थिर केली. मराठी छापील साहित्य संस्कृतच्या आणि हिंदीच्या शेजारी येऊन बसले. मात्र आपल्या दप्तरांतील हस्ताक्षराला ते पारखे झाले. या लाभहानीचा हिशेब मराठी वाङ्मयेतिहासाने अजून नीट मांडलेला नाही.

त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी कामाला लागलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये अक्षरांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे निर्णयसागरचे वळण सुबक, गोलसर आणि डोळ्यांना न शिणवणारे ठरले. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेसारख्या मालांतून संस्कृत ग्रंथ काशीच्या पंडितांपर्यंत आणि युरोपातील प्राच्यविद्यापंडितांपर्यंत गेले. त्या ग्रंथांबरोबर मुंबईचा ‘अ’, मुंबईचा ‘ण’, मुंबईचा ‘झ’ही गेला. उत्तरेत या अक्षरांची कलकत्ता वळणाची निराळी रूपे रूढ होती, आणि कितीतरी काळ हिंदी मुद्रणात दोन्ही वळणे नांदत होती. आशयाबरोबर आकारही स्थलांतर करतो, हे प्रभावाभ्यासाने दखल घ्यावी असे उदाहरण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या शेजाराला एकलिपीच्या विचाराची जोड मिळाली. कलकत्त्यात न्यायमूर्ती शारदाचरण मित्र यांनी १९०५ मध्ये एकलिपि विस्तार परिषद स्थापन केली. त्याच वर्षी काशीला नागरी प्रचारिणी सभेच्या व्यासपीठावरून लोकमान्य टिळकांनी सामाईक लिपी म्हणून देवनागरीचा पुरस्कार केला. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने १९६६ मध्ये मानक देवनागरी प्रसिद्ध केली, तेव्हा ‘अ’, ‘झ’, ‘ण’ मुंबई वळणाचे राहिले. ‘ल’ आणि ‘श’ मात्र उत्तरेचे. तडजोड म्हणून ती वाईट नव्हती. पण मानक एकदा ठरले की पर्यायी रूप ‘चूक’ दिसू लागते. महाराष्ट्राबाहेर, हिंदी मजकुरासाठी भरलेल्या खिळ्यांतून मराठी छापताना तर आकाराबरोबर अर्थही हलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. दोहोंतील भेद पापणीसारख्या दिसणाऱ्या अर्ध्या ‘र’वर अवलंबून आहे. हिंदीला त्याची गरज नसल्याने त्या खिळ्यांच्या संचात तो असण्याचे कारण नव्हते. अशा पानावर कवितेतल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि परभाषिक अभ्यासकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या कार्यातील ताण या पार्श्वभूमीवर समजतो. मराठीतील दृश्यकवितेचे हे कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक संकल्पन केंद्रातील प्राध्यापक. सर्व भारतीय भाषांसाठी ‘देशनागरी’ ही सामाईक लिपी त्यांनी योजली, ती प्रचारात आली नाही. संगणकासाठी त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक मात्र विंडोज प्रणालीबरोबर देशभर पोचला. एका मराठी कवीच्या हातचे वळण कोट्यवधी हिंदी वाचकांचे रोजचे अक्षर झाले. त्यातील ‘ल’ आणि ‘श’ मात्र हिंदी वळणाचे. जोशींना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल, कारण एका टंकात अनेक भाषा सामावण्याची ती अट होती. तरीही देशनागरीच्या अपयशापेक्षा मंगलचे यश अधिक विचार करायला लावते. सक्तीने न होणारे एकीकरण सोयीने झाले.

महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवले. हा अस्मितेचा हट्ट आहे, अशी शंका घेता येईल, आणि ती अगदीच निराधार नाही. वळण बदलल्याने ‘ल’चा उच्चार बदलत नाही. मात्र तंत्राने आता वेगळी वाट उघडली आहे. युनिकोडमध्ये ‘ल’ला ०९३२ हा एकच संकेतांक आहे आणि मजकुराची भाषा सांगितली की योग्य रीतीने घडवलेला टंक त्याचे मराठी किंवा हिंदी रूप दाखवतो. साठवण सामाईक, दर्शन आपापले.

पापणीच्या ‘र’ची कथा याच्या उलट आहे. हिंदी प्रदेश ओलांडून हे चिन्ह थेट नेपाळीत भेटते : ‘केले’ या अर्थाच्या ‘गर्‍यो’ या क्रियारूपात तेच वळण आहे. दोन्ही भाषांच्या वाचकांना ते ओळखीचे वाटते. पण संगणकात मराठी ते ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून लिहिते, तर नेपाळी साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना एक असलेले हे अक्षर शोधयंत्राला दोन वाटते, आणि मराठी–नेपाळी तुलनेसाठी संगणकीय शब्दसूची करू पाहणाऱ्याला पहिली जुळवाजुळव तेथेच करावी लागते.