वर्णांचा क्रम आणि यंत्राची मोजणी

संकेतस्थळांसाठी वापरली जाणारी पीएचपी ही आज्ञाभाषा रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केली. तीत रोमन वर्णमाला क्रमाने छापण्याचा वरवर सोपा खटाटोप एका मूलभूत प्रश्नापाशी येऊन ठेपतो: एखाद्या वर्णाचा ‘पुढचा’ वर्ण म्हणजे काय?

‘ए’पासून आरंभ करून प्रत्येक फेरीस एक पायरी वाढवावी आणि ‘झेड’ ओलांडले जाईपर्यंत फेऱ्या चालू ठेवाव्यात, अशी आज्ञा दिली असता २६ वर्ण अपेक्षित असतात. हाती येतात ६७६ पदे. नवानंतर दहा यावे त्याप्रमाणे ‘झेड’नंतर यंत्र ‘एए’ हे पद घडविते. तुलना मात्र कोशाच्या रीतीने, पहिल्या अक्षरापासून होते. त्यामुळे ‘एए’ हे ‘झेड’च्या आधीचे ठरते आणि मालिका ‘वायझेड’पर्यंत लांबते. वाढ मोजणीच्या न्यायाने आणि तुलना कोशाच्या न्यायाने, ही विसंगतीच या दोषाचे मूळ होय.

‘रेंज’ या तयार आज्ञेने रोमन वर्ण बिनचूक मिळतात, पण तो उपाय देवनागरीस लागू पडत नाही. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘रेंज’ केवळ पहिला बाइट पाहते आणि तो सर्व देवनागरी चिन्हांत एकच असतो. संकेतक्रमांकांवरून ‘क’ ते ‘ह’ अशी फेरी घातली, तर ३७ चिन्हे मिळतात. त्यांत मराठी वर्णमालेत नसलेली ऩ, ऱ, ऴ येतात, ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आणि क्ष, ज्ञ ही जोडाक्षरे असल्याने मुळीच येत नाहीत.

हा युनिकोडचा दोष मानणे अन्यायाचे होईल. तो संकेत अनेक भाषांसाठी आहे; वर्णक्रम हा मात्र त्या त्या भाषेच्या परंपरेचा निर्णय असतो. ग्रंथालयाच्या सूचीत ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’खाली शोधावी की ‘ज्ञ’खाली, हे सूचिकाराने ठरवावयाचे असते. आज्ञावली क्रमांकांवर विसंबली, की तो निर्णय कोणी न घेताच घेतला जातो, आणि वाचकास ‘ज्ञ’चे पान सापडत नाही. म्हणून मराठी वर्णमाला आज्ञावलीत एकेक वर्ण मांडून स्पष्टपणे लिहावी आणि फेरी त्या यादीवरूनच फिरवावी. यात चार ओळींचे श्रम अधिक पडतात. परंतु क्रम भाषेचा राहतो.