दोरीच्या अलीकडून

शनिवार-रविवारच्या क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत दोरीच्या अलीकडे जागा न सोडणारी माणसं दोनच. एक स्कोअरर आणि दुसरा फोटो काढणारा. बाकीचे आपली बॅटिंग झाली की डब्यांकडे वळतात, पार्किंगमध्ये जाऊन घरी फोन लावतात, मुलांना झोपाळ्यावर घेऊन जातात. फिलाडेल्फियाच्या परिसरात आल्यापासून मी स्कोअरिंग करते, त्यामुळे कॅमेरेवाल्यांच्या शेजारी बसणं आपोआप आलं. ते काय करतात हे मी जवळून पाहिलं आहे. मंडळाच्या नाटकाचं, भजनाचं, ढोलपथकाचं कौतुक दरवर्षी स्मरणिकेत येतं आणि ते यायलाच हवं. यंदा थोडी जागा या लोकांसाठी मागून घेतली आहे.

आधी हे काम आपण कोणत्या गावात करतो ते सांगते, कारण आपल्यातल्या अनेकांना ते माहीत नाही. 1884 ते 1886 या काळात एडवर्ड मायब्रिज हा छायाचित्रकार इथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचाली टिपत होता. ओळीने लावलेले कॅमेरे एकामागून एक उघडायचे आणि एकाच हालचालीचे सलग तुकडे काचेवर उमटायचे. 1887 मध्ये ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ या नावाने त्याचे 781 तक्ते प्रसिद्ध झाले. दौडणारे घोडे, जिना चढणाऱ्या बायका, कुस्ती खेळणारे पुरुष हे त्यात आहेतच, शिवाय क्रिकेटची बॅटिंग आणि बोलिंगही आहे. आज बटण दाबून धरलं की आपला कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फोटो घेतो. त्या प्रकारच्या कामाचा एक फार मोठा प्रयोग आपल्याच शहरात झाला आणि त्यात बॅटही होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ती बॅट तिथे योगायोगाने आली नव्हती. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फिया ही अमेरिकेच्या क्रिकेटची राजधानी होती. जर्मनटाउन आणि फिलाडेल्फिया हे दोन्ही क्रिकेट क्लब 1854 चे, मेरियन 1865 चा. इथल्या हौशी खेळाडूंचा संघ 1897, 1903 आणि 1908 मध्ये इंग्लंडला गेला. 1897 च्या दौऱ्यात बार्ट किंगने ससेक्सचे 7 गडी 13 धावांत बाद केले, संघ 46 धावांत गुंडाळला आणि रणजितसिंहजींचा त्रिफळा पहिल्याच चेंडूवर उडवला. 1908 मध्ये त्याने 11.01 च्या सरासरीने 87 बळी घेतले आणि त्या हंगामात इंग्लंडमधल्या सगळ्या गोलंदाजांच्या वर त्याचं नाव लागलं. पुढे टेनिस आणि गोल्फने क्लबांची हिरवळ व्यापली, मुलं बेसबॉलकडे गेली आणि क्रिकेट ओसरलं. क्लबांच्या नावात क्रिकेट राहिलं, पण आज मेरियन म्हटलं की लोकांना गोल्फ आठवतं.

तरीही हे सगळं आपल्याला कळतं, कारण कुणीतरी कागद आणि फोटो फेकून दिले नाहीत. हॅवरफर्ड कॉलेजात क्रिकेटचं स्वतंत्र ग्रंथालय आहे, सी. सी. मॉरिस यांच्या नावाचं. पुस्तकं, धावफलकांच्या वह्या, संघांची छायाचित्रं तिथे सांभाळली आहेत. फार मोठी जागा नाही ती. पण एका शहरातून जवळजवळ नाहीसा झालेला खेळ तिथे चेहऱ्यांसकट शिल्लक आहे. आता तोच खेळ त्याच शहराच्या उपनगरांत आपण, गुजराती, तेलुगू, पाकिस्तानी, बांगलादेशी, कॅरिबियन मंडळींनी पुन्हा मांडला आहे. शाळेच्या मैदानावर काथ्याची मॅट अंथरून, तिला खिळे ठोकून खेळतो. आपल्या या खेळाचं चित्र कोण ठेवतं आहे, हा माझ्या लेखाचा विषय.

कलेची बाजू सांगायची तर पहिली गोष्ट म्हणजे जागा. उजव्या हाताने खेळणारा बॅट्समन उभा राहतो तेव्हा त्याची छाती ऑफ साइडला असते. म्हणून पॉइंट-कव्हरच्या बाजूने त्याचा चेहरा दिसतो आणि स्क्वेअर लेगकडून बहुधा पाठ. स्ट्राइकवर डावरा आला की सगळं उलटं होतं. बोलरचा चेहरा हवा असेल तर थर्ड मॅन किंवा फाइन लेगच्या सीमेवर जाऊन बसावं लागतं. बोलरच्या हाताच्या मागे मात्र जायचं नाही, बॅट्समनच्या नजरेत हललेलं काहीही त्याच्या जिवावर बेतू शकतं. ऊन बारा ते तीन डोक्यावर असतं, टोपीच्या सावलीत डोळे गडप होतात, हेल्मेटच्या जाळीमागे तर काहीच उरत नाही. जाणकार माणूस त्या वेळात बॅट्समनचा नाद सोडून फिल्डर्सकडे वळतो किंवा पाण्याची बाटली उघडतो आणि पाचनंतरच्या तिरप्या उन्हासाठी स्वतःला राखून ठेवतो.

मग वेग. आपल्या लीगमधला चांगला बोलर ताशी 110 किलोमीटरने टाकतो असं धरलं, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात चेंडू तीन सेंटीमीटर पुढे सरकतो. चेंडूचा व्यासच सुमारे सात सेंटीमीटर, त्यामुळे फोटोत त्याची कड पुसट येते. शटर दोन हजारावर नेलं की ती बरीच निवळते. फुल फ्रेम कॅमेऱ्याला 400 मिलिमीटरची लेन्स लावून 60 मीटरवरून पाहिलं तर चौकटीत जेमतेम साडेपाच मीटर रुंदी मावते. म्हणजे बॅट्समन, कीपर आणि स्लिप एवढंच. कॅच मिडविकेटला उडाला तर लेन्स तिकडे फिरेपर्यंत तो झेलला गेलेला असतो किंवा सुटलेला तरी असतो.

म्हणून मला ठामपणे वाटतं की या कामात लेन्सच्या किमतीपेक्षा खेळाची समज मोठी. व्हिक्टर ट्रंपर पाय पुढे झेपावून ड्राइव्ह मारतो आहे, ते जगभर पोचलेलं छायाचित्र जॉर्ज बेल्डमने काढलं आणि बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून खेळणारा हौशी क्रिकेटपटू होता. ट्रंपरची बॅट कुठे वर जाणार आणि पाय कुठे पडणार हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडचे जे चांगले फोटो काढतात, ते सगळे कधी ना कधी खेळलेले आहेत. दादर-पार्ल्याच्या मैदानांवर, कोल्हापूर-सांगलीच्या तालुका स्पर्धांत, निदान बिल्डिंगच्या आवारात तरी. कॅप्टनने शॉर्ट लेग आत बोलावला की त्यांचा कॅमेरा तिकडे झुकलेला असतो. माणूस नव्वदीत अडखळायला लागला की ते नॉन-स्ट्रायकरवरही नजर ठेवतात, कारण रनआउट तिथे होणार असतो. चेंडू बॅटला लागलेला दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झाला. डोळ्यापासून बोटापर्यंत निरोप जायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो. दाबायचं ते आधी, अंदाजाने, आणि तो अंदाज वर्षानुवर्षं खेळ पाहिल्याशिवाय येत नाही.

माझ्या शेजारी बसणारे एक काका आहेत. नाव छापायचं नाही, अशी त्यांची अट आहे. विकेट पडली की सगळे कॅमेरे बोलरकडे वळतात, काका आणखी दोन-तीन सेकंद बॅट्समनवरच थांबतात. एकदा मी कारण विचारलं. “अगं, बोलर काय, पुढच्या ओव्हरला परत आनंदी होईल. हा आता पुढच्या शनिवारपर्यंत असाच राहणार,” ते म्हणाले. त्यांच्या संग्रहात बाद होऊन परतणाऱ्या माणसांची एक मोठी रांगच आहे. कुणी हातमोज्याची पट्टी दातांनी सोडवतो आहे, कुणी मॅटच्या फाटलेल्या कडेकडे वळून पाहतो आहे. आठवडाभर ऑफिसात मीटिंग चालवणाऱ्या माणसाचा इतका उघडा चेहरा एरवी त्याच्या घरच्यांनाही दिसत नसेल. चौकार-षटकारांपेक्षा मला हे फोटो जास्त मोलाचे वाटतात.

2024 च्या जूनमध्ये मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने टेक्सासच्या ग्रँड प्रेअरीत अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकली. सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं. ऑरॅकलमध्ये इंजिनिअरची नोकरी करणारा हा मुलगा त्या आठवड्यात जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात होता, आणि आपल्या घराघरांत लोक आनंदाने रडले. पण नोकरी सांभाळून खेळणाऱ्या आपल्या बाकीच्या मुलांकडे मोठ्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार कधीच येणार नाही. चाळिशीतला ऑफस्पिनर, गुडघ्याला पट्टा बांधून स्लिपमध्ये उभा राहणारा, अकराव्या क्रमांकावर येऊन तीन चेंडू टिकणारा, यांचं चित्र काढेल तर आपल्यातलाच कुणीतरी काढेल.

क्रिकेट निदान उजेडात तरी चालतं. मंडळाच्या खो-खोचे फोटो काढणं त्याहून अवघड. शाळेचा जिम भाड्याने घेतलेला, प्रकाश अपुरा. शटर पाचशेच्या खाली आणलं तर सूर मारणाऱ्याचे हात विरघळतात, आणि वर ठेवलं तर आयएसओ 6400 पर्यंत चढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. भरीला इथली वीज 60 हर्ट्झची, जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला 120 वेळा मिणमिणतात. साध्या डोळ्याला ते दिसत नाही, पण सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळा असा खेळ होतो. त्यावर उपाय म्हणून आता कॅमेऱ्यांत सोय असते, आधी नुसतं नशीब असायचं. काका तिथे खांबाच्या मागे गुडघे टेकून बसतात, कॅमेरा जमिनीला समांतर. पाटीवरचे आठही जण एका रेषेत आणि शेवटी सूर मारणारी मुलगी, तिची बोटं पळणारीच्या पाठीपासून वीतभर दूर. इथे जन्मलेल्या मुलांना आपण खो-खो शिकवतो तेव्हा नियम तोंडी सांगता येतात, पण ती झेप तोंडी सांगता येत नाही. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच फोटो दाखवतात आणि अर्धं शिकवणं तिथेच होतं.

लोकांना न दिसणारं काम पुढे असतं. एका सामन्याचे हजारांवर फोटो होतात, ते निवडायचे सोमवारी-मंगळवारी, पोरं झोपल्यावर. इथल्या फोटोग्राफर मंडळींनी स्वतःहून एक नियम घातला आहे. दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूचा एक तरी फोटो गेलाच पाहिजे, समोरच्या संघाचाही. अंपायरचाही. लहान मुलांचे फोटो आई-बाबांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. ज्याचा फक्त सुटलेला कॅच टिपला गेला, त्याच्यासाठी ते शेकडो फोटो परत चाळतात आणि कुठेतरी थ्रो करताना तो सापडतो. हे पाहिल्यावर माझ्या वहीतले शून्य धावांचे रकाने मला वेगळे दिसायला लागले.

यंदाच्या हिवाळ्यात जुन्या संग्रहावर काम करायचं ठरलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे फोटो सीडींवर, बंद पडायला आलेल्या हार्ड डिस्कवर, काहींच्या तळघरातल्या अल्बममध्ये आहेत. काही खेळाडू नोकरीनिमित्त टेक्सासला, कॅनडाला, परत पुण्याला गेले, दोघे-तिघे आता या जगात नाहीत. फोटो उतरवून घेणं मशीन करेल. मैदान कुठलं, समोरचा संघ कोण, तारीख काय, हे माझ्या स्कोअरच्या वह्यांतून बरंचसं जुळवता येईल. अडतं ते चेहऱ्यांपाशी. लाँग ऑनला टोपी उलटी घालून उभा असलेला मुलगा कोण, डबा उघडणाऱ्या त्या वहिनी कुणाच्या, हे सांगायला त्या वेळची माणसंच हवीत. जे तेव्हा खेळले, ज्यांनी अंपायरिंग केलं, पोहे आणले, त्यांनी आपापले अल्बम घेऊन यावं. काका लॅपटॉप घेऊन बसणार आहेत, नावं मी लिहून घेईन.