दीडशे डॉलरचा इलेक्ट्रिशियन

‘जल्लाद’ हा शब्द आपण मराठीत शिवीसारखा वापरतो. न्यूयॉर्क राज्याने मात्र याच कामाला ‘स्टेट इलेक्ट्रिशियन’ असं सभ्य नाव दिलं होतं. 1926 ते 1939 या काळात रॉबर्ट एलियट त्या पदावर होता. त्याने विजेच्या खुर्चीत 387 जणांना मारलं. त्यांत साको आणि वान्झेटीही होते. त्याच्या आठवणींचं पुस्तक, ‘एजंट ऑफ डेथ’, तो गेल्यावर 1940 मध्ये आलं.

पुस्तकात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो कामाचा व्यवहार. बोलावणं आलं की जायचं, खटका ओढायचा, 150 डॉलर घ्यायचे आणि घरी यायचं. आजच्या भाषेत गिग वर्क! शेजारची राज्यंही त्यालाच बोलवायची. 6 जानेवारी 1927 ला त्याने बॉस्टनमध्ये तिघांना मारलं आणि त्याच रात्री न्यूयॉर्कच्या सिंग सिंग तुरुंगात आणखी तिघांना.

गंमत म्हणजे हाच माणूस पुस्तकात मृत्युदंडाच्या विरोधात बोलतो. जबाबदारी समाजाची, आपण नुसते हात, असा त्याचा सूर आहे. मला हे अर्धंच पटतं. जबाबदारी समाजाची हे खरंच, पण ती कोणालाच जाणवू नये अशी सोय या नेमणुकीतच होती. कायदा एकाचा, निकाल दुसऱ्याचा, खटका तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याला मोजून पैसे. त्याच्या आधीच्या जॉन हल्बर्टने 1926 मध्ये राजीनामा दिला आणि 1929 मध्ये आत्महत्या केली. 1928 मध्ये एलियटच्या घरावर बॉम्बहल्ला झाला. राग निघाला तो खटका ओढणाऱ्यावर. या सोयीत आपलाही वाटा होता, या प्रश्नाला एलियट नीट भिडत नाही, आणि इथे पुस्तक कमी पडतं.

ही गोष्ट जुनी झाली असं वाटत असेल, तर फ्लोरिडाकडे बघा. तिथे हे काम नाव गुप्त ठेवलेला एक खाजगी नागरिक करतो. मानधन? 150 डॉलर. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, तिजोरी मुख्यतः सेल्स टॅक्सवर चालते. म्हणजे व्हिसावर राहणारा, मताचा हक्क नसलेला आपला एखादा मित्रही ऑर्लँडोत बूट घेताना त्यात चार पैसे घालतोच.

म्हणून हे पुस्तक जरूर वाचा. पण एका माणसाचा कबुलीजबाब म्हणून नको, जमाखर्चाची वही म्हणून वाचा. खर्चाच्या बाजूला एलियटचं नाव आहे. जमेच्या बाजूला कोण, ते आपल्याला शोधायचंय.