कचरा कोणी ठरवला?

घरच्या कम्प्युटरवर साफसफाईचं एखादं फुकट सॉफ्टवेअर चालवा. स्कॅन संपल्यावर एक पान येतं. वर लाल पट्टी, मधोमध मोठा आकडा, खाली हिरवं बटण. आकडा म्हणतो, तुमच्या मशीनमध्ये इतक्या समस्या सापडल्या. बटण म्हणतं, आत्ताच दुरुस्त करा. बटण दाबलं की पैसे भरायचं पान उघडतं. लाखो लोकांनी वाचलेला हा मजकूर आहे, पण तो मजकूर म्हणून कोणी वाचत नाही. कथेला, बातमीला, जाहिरातीला आपण विचारतो की हे कोण बोलतंय आणि कशासाठी. या पानाला विचारत नाही, कारण ते यंत्राने काढलेला रिपोर्ट वाटतं. रक्ततपासणीच्या रिपोर्टशी कोण वाद घालतं?

इथे तो वाद घालायचा आहे, कारण प्रश्न शंभर-दोनशे रुपयांचा नाही. नागपूरच्या दक्षिणेला हुडकेश्वरसारख्या भागात, लेआउटमधल्या घरांमध्ये, कम्प्युटर सहसा एकट्या माणसाचा नसतो. त्यावर धाकटीचे परीक्षेचे फॉर्म भरले जातात, थोरल्याचं कॉलेजचं प्रोजेक्ट असतं, बाबांची बँक उघडते आणि एका फोल्डरमध्ये घरातल्या लग्नांचे फोटो असतात. तो स्लो झाला की ओळखीतल्या कम्प्युटरवाल्या दादाला फोन जातो. दादा येतो, चहा घेतो, पेनड्राइव्ह लावतो आणि दोन-तीन गोष्टी टाकून जातो: एक अँटीव्हायरस, एक क्लीनर, कधी एखादा ड्रायव्हर अपडेटर. विंडोज विकत घेतलेली नसेल तर ॲक्टिव्हेटरही. तो चालावा म्हणून आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे ज्या हाताने पहारेकरी बसवला त्याच हाताने त्याला दहा मिनिटं बाहेर पाठवलं. घरच्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांचा विश्वास सॉफ्टवेअरवर नसतोच, तो दादावर असतो.

दुरुस्तीच्या टेबलावरून

महाराष्ट्रातला अँटीव्हायरस अशाच विश्वासातून जन्माला आला. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे कम्प्युटर दुरुस्त करायचे. शिक्षण दहावीपर्यंत. दुरुस्तीला येणाऱ्या मशीन व्हायरसने बिघडलेल्या असत, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. १९९५ मध्ये डॉससाठीचं उत्पादन बाजारात आलं. ‘कॅट कम्प्युटर सर्व्हिसेस’ ही कंपनी २००७ मध्ये ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. मराठी घरांत हे नाव पोचलं ते गल्लोगल्लीच्या दुकानदारांमुळे आणि दुरुस्ती करणाऱ्यांमुळे.

नावाकडे नीट बघा. ‘क्विक हील’, म्हणजे झटपट बरं करणं. कम्प्युटर रोगी आणि सॉफ्टवेअर डॉक्टर. हे रूपक त्या काळाला शोभणारं होतं, कारण रोग खरा होता. फ्लॉपीतून आणि नंतर पेनड्राइव्हमधून व्हायरस घरोघर फिरत होते आणि विंडोजकडे स्वतःचा पहारेकरी नव्हता. तो आला २०१२ मध्ये, विंडोज ८ सोबत, डिफेंडर या नावाने. त्या आधीच्या काळात अँटीव्हायरस न टाकणं हा निष्काळजीपणाच होता. आज बाहेरून अँटीव्हायरस आणणं हा एक पर्याय आहे. जाहिरातीची भाषा मात्र जुन्या काळातच अडकली आहे.

कचऱ्याचं रूपक

साफसफाईच्या सॉफ्टवेअरने डॉक्टरऐवजी झाडू निवडला. या जातीतल्या सगळ्यात प्रसिद्ध ‘सीक्लीनर’चं मूळ नाव ‘क्रॅप क्लीनर’ होतं. घाण ही कल्पना मोठी सोयीची आहे. घाण दिसली की ती काढावी असं वाटतंच, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. पण कम्प्युटरमध्ये घाण म्हणजे नेमकं काय? त्या मोठ्या आकड्यात काय काय मोजलेलं असतं ते उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा ब्राउझरच्या कुकीज, तात्पुरत्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी निघतात. कुकी काढली तर वेबसाइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं, इतकंच. तात्पुरत्या फायली विंडोजच्या सेटिंगमधूनही काढता येतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही. तिच्यात काही निरुपयोगी ओळी उरल्याने मशीन स्लो होत नाही, पण चुकीची ओळ खोडली तर एखादा प्रोग्राम बंद पडू शकतो. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. तरीही प्रत्येक कुकी, प्रत्येक ओळ ‘समस्या’ म्हणून मोजली जाते. कचरा काय हे ठरवणारा आणि तो उचलायचे पैसे घेणारा एकच आहे.

कधी कधी तर मोजणीही होत नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा फुकट तपास मिळायचा. सुरुवातीला ग्राहकाला काही साधे प्रश्न विचारत: मशीन स्लो आहे का, व्हायरसचे इशारे येतात का, असे. एकालाही ‘हो’ म्हटलं की स्कॅनमध्ये काहीही सापडो वा न सापडो, निकालात धोका दिसायचा. मग शेकडो डॉलरची दुरुस्ती गळ्यात. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांच्याशी मिळून साडेतीन कोटी डॉलरची तडजोड केली. म्हणजे पडद्यावर सरकणारी ती पट्टी नाटक होती, शेवट आधीच लिहिलेला होता.

मायक्रोसॉफ्टने १ मार्च २०१८ पासून एक नियम लागू केला. घाबरवणारी, अतिशयोक्त भाषा वापरून पैसे भरायला लावणाऱ्या क्लीनरना डिफेंडर नकोसं सॉफ्टवेअर मानून काढून टाकेल. भाषेवरून सॉफ्टवेअरचा गुन्हा ठरवणारा हा नियम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे मायक्रोसॉफ्टनेही ‘पीसी मॅनेजर’ नावाचं स्वतःचं साफसफाईचं सॉफ्टवेअर काढलं. झाडूचा मोह कुणालाच सुटलेला नाही.

खरा पहारेकरीही

यावर कोणी म्हणेल, भामटे वेगळे आणि नावाजलेल्या कंपन्या वेगळ्या. इथे २०१७ ची गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच डिजिटल सहीसह बाहेर पडली आणि तिच्यात हल्लेखोरांनी घुसवलेला कोड होता. सुमारे २२ लाख ७० हजार मशीनपर्यंत ती पोचली. अनोळखी लिंक उघडू नका, अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, अपडेट करत राहा, हे सगळे सल्ले पाळणारेच यात सापडले.

दुसरं उदाहरण अवास्टचं. हा फुकट अँटीव्हायरस भारतातही पुष्कळांनी टाकला होता. लोक कोणत्या वेबसाइट बघतात याची माहिती त्याने गोळा केली आणि जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली. जानेवारी २०२० मध्ये बातम्या आल्यावर जंपशॉट बंद झाली. २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड ठोठावला. जाहिरातदारांच्या नजरेपासून वाचवण्याचं आश्वासन देणाऱ्यानेच ती नजर भाड्याने दिली होती.

ही गोष्ट अपघाती नाही. अँटीव्हायरसला प्रत्येक फाइल वाचायची परवानगी लागते, नाहीतर तो काम कसं करणार? घराच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे द्याव्या लागतात, त्याच्याबद्दल ‘तो नोकरी कशावर करतो’ हा पहिला प्रश्न असायला हवा.

फोनवर हा लेख वाचणाऱ्यांनी आपल्याला याचं काय, असं म्हणू नये. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांची चर्चा टिकटॉकभोवतीच झाली. पण यादीत क्लीन मास्टर होतं, डीयू क्लीनर होतं, डीयू बॅटरी सेव्हर आणि ‘व्हायरस क्लीनर’ नावाचं ॲपही होतं. रॅम साफ करून फोन गार करण्याचं वचन देणारी ही ॲप आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये होती. अँड्रॉइड मेमरी स्वतः सांभाळतं. जबरदस्तीने बंद केलेली ॲप पुन्हा सुरू होताना उलट जास्त बॅटरी खातात.

मग विश्वास कुणावर?

कुणावरच नको, हे उत्तर मला मान्य नाही. ते ऐकायला चलाख वाटतं आणि घरातला कम्प्युटर उघडा पाडतं. सुरक्षा आणि साफसफाई या दोन गोष्टी एकाच पुडीत बांधून विकल्या जातात, त्या आधी सोडवायला हव्यात. सुरक्षेची गरज खरी आहे, साफसफाईची बहुतांशी रचलेली आहे.

गंमत म्हणजे आपल्या सरकारी उपक्रमाचं नावही या गोंधळात सामील आहे. सर्ट-इनने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या केंद्राचं नाव ‘सायबर स्वच्छता केंद्र’. काम मात्र स्वच्छतेचं नसून सुरक्षेचं आहे: मशीनमध्ये लपलेले बॉट शोधून काढायची साधनं तिथे फुकट मिळतात, त्यांत क्विक हीलचंही एक आहे. तिथून काही घेतलं तर तुमच्या भीतीवर कोणाची विक्री अवलंबून नसते, हा मोठा फरक.

माझी कसोटी साधी आहे. काही बिघडलेलं नसताना हे सॉफ्टवेअर किती बोलतं? चांगला पहारेकरी महिनोन्महिने गप्प असतो. क्लीनरला गप्प बसणं परवडत नाही, त्याला रोज नवा आकडा दाखवावा लागतो. दुसरं, फुकट असेल तर तो पैसे कुठून मिळवतो? तिसरं, त्याने दाखवलेली यादी उघडून प्रत्येक नोंदीचं नाव वाचता येतं का, की फक्त बेरीज दिसते?

या कसोटीवर बहुतेक घरांना विंडोजमधला डिफेंडर चालू आणि अपडेट ठेवणं पुरतं. पैसे देऊन अँटीव्हायरस घेतला तरी हरकत नाही, पण मग एकच घ्या. पैसे वाचवायला क्रॅक टाकलेली विंडोज आणि वर दोन अँटीव्हायरस, हा हिशेब जुळत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनवर काय चालतंय हे दादाला विचारणं क्लीनरपेक्षा निकडीचं आहे. फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, कारण ते गेले तर कुठलंच सॉफ्टवेअर परत देईल याची खात्री नाही.

आणि मशीन स्लो असेल तर डबा उघडून बघा. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, सीपीयूच्या पंख्यावर बसलेला धुळीचा थर मशीन तापवतो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. कूलरच्या दमट हवेने तो थर आणखी चिकटतो. ती धूळ ब्लोअरने निघते. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकली तर मशीनमध्ये जीव येतो. ही साफसफाई डोळ्यांना दिसते, तिचा दर आधी ठरतो आणि ती करून झाल्यावर दादा निघून जातो. तो तुमच्या घरात बसून तुम्ही काय बघता हे लिहून घेत नाही.